थोरला, धाकटा आणि कत्तिरीचं ऊन

कत्तिरी लागली की आमच्या मद्रासातल्या वेस्ट मांबलममध्ये कुठल्याही गोष्टीचं कारण शोधत बसावं लागत नाही. दूध नासलं, ऊन. रिक्षावाला खेकसला, ऊन. वरच्या मजल्यावरचं जोडपं भांडलं, तेही ऊन. मे महिन्यातल्या या पंचवीसेक दिवसांना पंचांगात अग्निनक्षत्र म्हणतात, बोलताना सगळे कत्तिरी म्हणतात, आणि घाम पुसताना काय काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी मूळची सांगलीची, तेव्हा उन्हाचं मला अप्रूप नाही. पण सांगलीचं ऊन कोरडं, तोंडावर भांडून मोकळं होणारं. इथलं ऊन अंगाला चिकटून बसतं आणि मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखं जायचं नाव घेत नाही.

यंदाही ते आलं आहे. आज सकाळी आठच्या सुमाराला गच्चीवर गेले, तर समोरच्या गच्चीवर जुन्या धोतरावर वडाम घालणं चाललं होतं. आपल्या पापड्यांचे हे इकडचे भाऊबंद. तांदळाचं शिजवलेलं पीठ, त्यात हिंग, हिरवी मिरची, लिंबू. त्याचा आंबट वाफाळ वास रस्ता ओलांडून आला. खाली कोपऱ्यावर ताडगोळेवाल्याचा कोयता टक् टक् वाजत होता. आणि मला, अशा वेळी एखादीला माहेर आठवावं, तसे दोन प्रोसेसर आठवले.

हसू नका. तीन वर्षांपूर्वीची अख्खी कत्तिरी मी त्या दोघांच्या सहवासात काढली आहे. कॉम्प्युटरच्या पोटात नखाएवढी, फार तर दोन बोटं रुंद अशी जी चकती असते आणि सगळा विचार जी करते, ती म्हणजे प्रोसेसर, एवढंच मला तोवर ठाऊक होतं. मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवायची. तीस वर्षं प्रयोगशाळेत पोरांना ओरडण्यात गेली: तीन वेळा माप घ्या, सरासरी काढा, आणि वहीत खोटं लिहू नका. निवृत्त झाले तरी हात शिवशिवतातच. त्यामुळे शेजारच्या पद्माने एका सकाळी येऊन विचारलं, "अक्का, तुम्ही लॅबवाल्या ना? मला दोन मशीन कंपेर करायच्यायत. टाइम नोट करायला येता?" तेव्हा तिचं वाक्य संपायच्या आत मी चपला शोधायला लागले होते.

पद्मा आणि तिचे वडील वेंकोबराव आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचे. तंजावरकडचे मराठी. त्यांचे कुणी पूर्वज पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी घोड्यावरून दक्षिणेत आले आणि परत जायचं विसरले. वेंकोबरावांचं मराठी मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एखादा जुना बखरकार तमिळ चालीत बोलतो आहे असं वाटलं होतं. पद्माचं मराठी मात्र घरापुरतं; ती चिडली की तमिळमध्ये जायची, आणि कामाचं बोलायची तेव्हा इंग्रजीत. वेंकोबराव सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्‌समन होते. म्हणजे नकाशे काढणारे. हाताने, टी-स्क्वेअर घेऊन. शहात्तराव्या वर्षीही त्यांनी मारलेली रेघ पट्टीशिवाय सरळ यायची.

मुलीने बापाचाच धंदा घेतला होता, फक्त कागद टाकून. अजून न बांधलेल्या इमारतींच्या फिल्म ती करायची. जिना चढा, दार उघडा, बाल्कनीत जा, पडदा हलतो आहे, दूर समुद्राचा एक तुकडा दिसतो आहे. आणि प्रत्यक्षात त्या जागी अजून एरंडाचं झुडूप आणि दोन शेळ्या. चौदा वर्षं नुंगंबाक्कमच्या एका ऑफिसात हेच काम केल्यावर त्या ऑफिसने तो विभागच बंद केला. पद्मा तेव्हा एक्केचाळीस वर्षांची, एकटी. पुढे दोन रस्ते होते. हैदराबादच्या एका कंपनीचं पत्र आलं होतं. पद चांगलं होतं, आणि होकार-नकार पुढच्या आठवड्यातल्या शनिवारपर्यंत कळवायचा होता. दुसरा रस्ता म्हणजे घरीच स्वतःचं काम सुरू करायचं. अण्णा नगरातल्या एका आर्किटेक्टने परीक्षा म्हणून एक मिनिटाची फिल्म दिली होती, त्या शनिवारनंतरच्या सोमवारी द्यायची. ती वेळेत आणि नीट झाली तर वर्षभराचं काम. झाली नाही तर हैदराबाद, आणि वेंकोबराव या घरात एकटे.

अशी एक मिनिटाची फिल्म म्हणजे दीड हजार चित्रं. एकेक चित्र कॉम्प्युटर स्वतः रंगवतो. कुठे किती उजेड पडेल, फरशीत खिडकी कशी दिसेल, सगळं मोजून. पद्माचं सॉफ्टवेअर जुन्या वळणाचं, त्यामुळे सगळं ओझं प्रोसेसरवर. तिच्याकडे होता तो पाच वर्षांचा, आठ कोअरचा. रिची स्ट्रीटवरच्या ओळखीच्या दुकानदाराने तिला नवा सोळा कोअरचा देऊ केला होता. वापरून पाहा, नाही पटला तर त्याच शनिवारपर्यंत परत आण, या बोलीवर. कोअर म्हणजे काय, असं वेंकोबरावांनी विचारलं. पद्मा म्हणाली, काम करणारी माणसं धरा. जुन्यात आठ, नव्यात सोळा.

वेंकोबराव म्हणाले, "सोळा जणांचें कुटुंब. चूल एकच की दोन?"

मला तो प्रश्न फार आवडला. त्यानंतर जुन्याला थोरला आणि नव्याला धाकटा ही नावं त्यांनीच ठेवली आणि आम्ही सगळे तसंच म्हणायला लागलो.

धाकटा घरात आला तो शुक्रवारी. कत्तिरीत नवीन काम सुरू करू नये, अशी इकडे समजूत. गृहप्रवेश नाही, नवी गाडी नाही. वेंकोबरावांनी आधी ठाम नकार दिला. "अग्निनक्षत्रांत कोणी आरंभ करतो कां? पंधरा दिवस थांब." पद्मा म्हणाली, "अप्पा, अण्णा नगरवाला थांबणार नाही." शेवटी तह झाला. धाकट्याचे सगळे भाग देवापुढे पाटावर मांडायचे, प्रत्येकाला गंध-अक्षत लावायची, आणि साडेदहाला राहुकाळ लागायच्या आत जोडून टाकायचं. मी त्या पूजेला होते. तसा देव्हारा मी आजवर पाहिला नाही: दत्त, व्यंकटेश, आणि त्यांच्यापुढे ओळीने मदरबोर्ड, पंखा, तारांचं भेंडोळं. वेंकोबराव सहाणेवर चंदन उगाळत होते आणि त्या ओल्या थंड वासाने खोलीतलं ऊन क्षणभर मागे सरल्यासारखं वाटलं. पद्मा घड्याळाकडे पाहत होती. "अप्पा, सीक्रम, सीक्रम." लवकर, लवकर. मी प्रसादाची साखर खाऊन घरी आले, कुकर लावायचा होता.

दुपारी गेले तेव्हा दोन्ही मशीन टेबलावर शेजारी शेजारी उभी होती.

पहिल्याच दिवशी मी खोडा घातला. पद्मा थोरल्याची चाचणी सकाळी आणि धाकट्याची दुपारी घेणार होती. मी म्हटलं, हे चालणार नाही. सकाळची खोली आणि दुपारची खोली या दोन वेगळ्या खोल्या आहेत. तुलना करायची तर बाकीचं सगळं सारखं पाहिजे. मी घरून तापमापी आणली, ती भिंतीच्या खिळ्याला टांगली, आणि वहीत रकाने आखले. वेळ, खोलीचं तापमान, पंखा कितीवर, खिडकी उघडी की बंद. वेंकोबरावांनी रकान्यांच्या रेघा पाहून नाक मुरडलं आणि वही घेऊन पुन्हा आखून दिल्या.

ते तीन-चार दिवस मी फार मजेत होते, हे कबूल केलं पाहिजे. पद्मा शनिवारपर्यंतचे दिवस मोजत होती. मला मात्र कोडं पडल्याचा आनंद होता. कारण आकडे विचित्र यायला लागले. एकच चित्र रंगवायला दिलं, तर धाकटा थोरल्याला सहज मागे टाकायचा, जवळजवळ निम्म्या वेळात. पण फिल्मचा मोठा तुकडा दिला की पहिली दोन मिनिटं धाकटा सुसाट, मग मंद, मग आणखी मंद. शेवटी थोरलाच पुढे. सकाळी तेच, दुपारी तेच. दीड-दोनच्या सुमाराला समुद्रावरून वारा येतो. कत्तिरीतही तो चुकत नाही. पडदा आधी जरासा शहारतो आणि मग फुगतो, आणि अख्खं मद्रास एकदम सुस्कारा सोडतं. खोलीचा पारा दोन अंशांनी उतरला. धाकट्यावर त्याचा काडीचा परिणाम नाही.

"दमतो हो हा," मी म्हटलं. "सोळा जण असून दमतो."

पद्माने पडद्यावरचा एक आकडा दाखवला. प्रोसेसरचं आतलं तापमान. धाकट्याचं पंचाण्णव अंश, आणि तिथेच ठाण मांडून. इतकं तापलं की तो जळू नये म्हणून आपणहून सावकाश चालायला लागतो, असं तिने सांगितलं. मला हे नवीन होतं आणि फार शहाणपणाचं वाटलं. आमच्या शाळेत असे शहाणे कमी होते. मला धरून एकही नव्हता.

"अय्यो अक्का, ऊन," पद्मा म्हणाली. "थंड देशांत बनवतात हे. त्यांना कत्तिरी काय माहीत?"

आणि मी, एकच कारण सांगणाऱ्या माणसावर कधीही विश्वास न ठेवणारी, मान डोलावली. ऊन! पटलंच. त्या मोसमात दुसरं काही पटायची सोयच नसते. खोली थंड करून पाहू म्हणून आम्ही मंगळवारी धाकट्याला वेंकोबरावांच्या झोपायच्या खोलीत नेलं, तिथे एसी होता. चाचणी पुन्हा केली. पंचाण्णव. मग मी वहीत लिहिलं: एसी जुना आहे, खोली पुरेशी थंड झाली नसावी. हे वाक्य आजही माझ्या अक्षरात तिथे आहे. पोरांनी असं लिहिलं असतं तर मी वही भिरकावली असती.

बुधवारी पद्माने फोनवरून तिच्या एका जुन्या सहकाऱ्याला विचारलं. वेंकोबराव आणि मी समोरच बसलो होतो, आल्या-कढीलिंबाचं पातळ ताक पीत. फोन स्पीकरवर होता. त्याने विचारलं, प्रोसेसरवर जो कूलर बसवतात, म्हणजे पंखा आणि पत्र्यांचा तो ठोकळा, त्याच्या तांब्याच्या बुडावरची प्लॅस्टिकची फिल्म काढली होतीस का? नवशिके ती तशीच ठेवतात. प्रोसेसर आणि कूलर यांच्या मध्ये उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टशिवाय काही राहता कामा नये. पद्माने अप्पांकडे पाहिलं. फिल्म त्यांनीच काढली होती. वेंकोबराव म्हणाले, "काढली की. मीच काढली." सहकारी म्हणाला, मग काही इलाज नाही, तो तुकडाच कमअस्सल असेल. वेंकोबरावांनी ताकाचा पेला खाली ठेवला. तो अर्धा भरलेला होता. ऊन लागलं असेल, असं मला वाटलं.

त्यानंतर ते चाचणीच्या वेळी येईनासे झाले. त्याआधी रोज यायचे, खुर्ची धाकट्याच्या मागच्या बाजूला ओढून बसायचे आणि पडद्यावरच्या जिन्यावर टीका करायचे. "ही पायरी सात इंचांची दिसते. म्हातारा चढणार नाहीं." पद्मा वैतागायची, आणि थोड्या वेळाने गुपचूप पायरी सहा इंचांची करायची. हे मी दोनदा पाहिलं.

गुरुवारी संध्याकाळी पद्मा आमच्याकडे आली. हातात ताडगोळ्यांची पिशवी. बराच वेळ ती ते सोलत बसली; वरची तपकिरी साल नखाने काढायची, आतला पाणीदार थंड गोळा माझ्या ताटलीत टाकायचा, पुढचा घ्यायचा. मग म्हणाली, "अक्का, पोदुम्. पुरे झालं. थोरल्यावर ही फिल्म सोमवारपर्यंत होत नाही. धाकटा परत देते. हैदराबादला हो म्हणते."

"आणि अप्पा?"

"बरोबर चला म्हटलं. नाही म्हणाले. तू जा म्हणाले. लगेच. विचारसुद्धा केला नाही."

मी एक ताडगोळा तोंडात टाकला आणि त्याचं पाणी हनुवटीवरून ओघळलं. आम्ही दोघी हसलो, पण ते हसणं काही टिकलं नाही.

आज विचार करते तेव्हा वाटतं, आपण आयुष्यभर तुलनाच करत असतो आणि एकही धड करत नाही. हे गाव की ते गाव, ही नोकरी की ती, ही मुलगी की तिची बहीण. एक माप सकाळी घेतलेलं असतं, दुसरं दुपारी. एकाच्या वेळी खिडकी उघडी असते. माझी आई मला कायम माझ्या मामेबहिणीशी ताडून पाहायची. तिच्या घरी तीन मोलकरणी होत्या आणि आमच्याकडे तीन म्हशी, हे आईच्या वहीत कुठल्याच रकान्यात नव्हतं. मी त्या बहिणीचा कित्येक वर्षं राग केला. बिचारी परवा भेटली तर म्हणाली, मला तुझ्यावरून बोलणी बसायची.

शुक्रवारी सकाळी मी शेवटचं माप घ्यायला गेले. खरं तर गरज नव्हती. पण तिसरं माप राहिलं होतं आणि मला अपुरी वही बघवत नाही. पद्मा दोन्ही मशीन चालू करून आंघोळीला गेली. तारांमागे माझ्या पेन्सिलीचं टोपण पडलं म्हणून मी टेबलाच्या मागे वाकले. थोरल्याच्या पाठीमागून गरम झोत येत होता, इस्त्रीच्या दुकानात येतो तसा. मी सरकले. धाकट्याच्या पाठीमागचं वारं गार.

मी तिथेच वाकून राहिले. पुन्हा हात इकडे धरला, पुन्हा तिकडे. गरम. गार. आत पंचाण्णव अंश तापलेली वस्तू, आणि तिला थंड करणाऱ्या पंख्याचं वारं गार? मग उष्णता गेली कुठे? कुठेच गेली नाही. आतच कोंडली होती. बाहेरचं ऊन, एसी, थंड देश, सगळं झूट. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये काहीतरी होतं, आणि ते उष्णतेला पलीकडे जाऊ देत नव्हतं. सहावीच्या मुलाला समजावं अशी गोष्ट. इतके दिवस मी समोरून आकडे पाहत होते. मागून हात लावायचं सुचलं नाही. आणि वेंकोबराव रोज खुर्ची ओढून त्या गार वाऱ्यात बसत होते!

मी इतक्या मोठ्याने "पद्मा!" ओरडले की ती केस न पुसताच धावत आली. वेंकोबरावही आले, पण दारातच थांबले.

मशीन बंद केलं. पद्माने चार स्क्रू काढले, ठोकळा हलवत हलवत वर उचलला आणि उलटा केला. तांब्याचं गुळगुळीत बूड. त्यावर करडी पेस्ट कडेकडेला सरकलेली. आणि मधोमध, रुपयाएवढा, वाळलेला चंदनाचा टिळा. त्यावर कुंकू. कुंकवात दाबून पीठ झालेली एक अक्षत.

तांब्यावर चंदन-कुंकू कुणाला दिसणार? रंग एकच. शिवाय कूलर बसवताना त्याचं बूड खालीच असतं, आणि पद्मा राहुकाळाच्या घाईत होती. फोनवर विचारलेली एकच गोष्ट, प्लॅस्टिकची फिल्म काढली का, तिचं उत्तर खरं होतं. वेंकोबरावांनी फिल्म काढली होती, कारण प्लॅस्टिकवर गंध लावणं त्यांना प्रशस्त वाटेना. आणि सगळ्या भागांमध्ये कपाळासारखी दिसणारी जागा तेवढीच होती.

पद्मा हसायला लागली. ओल्या केसांनी, ठोकळा हातात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अप्पा! गंध! अय्यो अप्पा, गंध!" मलाही हसू आवरेना. मग ती कापूस आणि स्पिरिट आणायला आत गेली.

वेंकोबराव हसले नव्हते. त्यांनी "हें काय?" असंसुद्धा विचारलं नव्हतं. मी तीस वर्षं पोरांचे चेहरे वाचले आहेत. काच फुटलेली आधीच माहीत असलेला पोरगा वर्गात कसा उभा राहतो, ते मला ठाऊक आहे.

"तुम्हाला कधी कळलं?" मी हळू विचारलं.

"बुधवारीं." ते जमिनीकडे पाहत होते. "तो फोनवर बोलिला, मध्यें कांहीं राहूं नये म्हणून. तेव्हांच."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी धोतराचा सोगा उगाच दोनदा झटकला. "टीचरबाई, मी आहें तोंवर ही हिकडून हालणार नाहीं. चौदा वर्षें लग्नाचें म्हटलें, ही म्हणते अप्पा एकटे. सिंगापूरचें काम आलें, अप्पा एकटे. अत्तां हैदराबाद. म्हटलें, देवानेंच आडवें घातलें आहे, तर मी कां काढूं? जाऊं दे तीस. मी किती दिवस?"

मी वर पाहिलं तर पद्मा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एका हातात कापूस, एका हातात स्पिरिटची बाटली. सगळं ऐकलं होतं तिने.

ती आत आली. खाली बसली. कापूस भिजवून तांब्याचं बूड पुसायला लागली. पहिला बोळा पिवळा झाला, दुसरा गुलाबी, तिसरा करडा. मग नवी पेस्ट लावली, ठोकळा बसवला, चारही स्क्रू तिरके तिरके आवळले, मशीन चालू केलं आणि फिल्मचा तोच मोठा तुकडा लावून दिला. पंखा वाढत्या आवाजात फिरायला लागला. थोड्याच वेळात त्याच्या मागून गरम वारं आलं. इतकं सुंदर गरम वारं मी कत्तिरीत कधी अनुभवलं नव्हतं.

"अप्पा, बसा," पद्मा म्हणाली.

ते बसले.

"लग्न मला करायचं नव्हतं. तुमचं नाव सांगितलं, कारण लोक गप्प बसतात. सिंगापूर मला नको होतं. तिथेही दुसऱ्याच्याच इमारती, दुसऱ्याच्या नावाने." ती मराठीत शब्द शोधत होती आणि हट्टाने तमिळमध्ये जात नव्हती. "हे घरातलं काम मला पाहिजे. माझ्या नावाने. या गावात. मी तुमच्यासाठी राहत नाही अप्पा. तुम्ही नसलात तरी मी इथेच राहीन."

मी दचकले. आमच्या सांगलीत कुणी बापाला असं बोललं असतं तर घरात सुतक पडल्यासारखी शांतता झाली असती.

वेंकोबरावांनी मान वर केली. "मी नसलों तरी?"

"नसलात तरी."

"खरेंच?"

"खरंच."

ते तिच्याकडे बघत राहिले. आणि मग त्या माणसाचे खांदे, जे इतकी वर्षं मी वयामुळे वाकलेले समजत होते, असे खाली आले की मला रडूच फुटलं. पदर तोंडाला लावून मी खिडकीकडे वळले. धाकट्याने तो तुकडा कधी संपवला, ते मला कळलं नाही. वहीत त्या मापाचा रकाना कोराच आहे. पद्माने नंतर सांगितलं, थोरल्याच्या निम्म्याहून कमी वेळ.

फिल्म रविवारी रात्री पूर्ण झाली. त्यातल्या सगळ्या पायऱ्या सहा इंचांच्या होत्या. अण्णा नगरच्या आर्किटेक्टने त्याबद्दल कुरकुर केली, पण काम दिलं. हैदराबादला शनिवारीच नकार गेला होता, धाकटा धडपणे चालतो हे एवढंच कळल्यावर.

वेंकोबरावांचं मात्र वेगळंच सुरू झालं. भेटेल त्याला ते सांगायला लागले. दूधवाल्याला, डॉक्टरांना, इस्त्रीवाल्याला, देवळात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला. कुणाचा मुलगा अमेरिकेत, कुणाची सून मोठ्या हुद्द्यावर, अशी बोलणी चालली की हे सावरून बसायचे आणि तितक्याच अभिमानाने म्हणायचे, "माझी लेंक? मी नसलों तरी ती हिकडेच राहणार!" लोकांना वाटायचं म्हातारा भ्रमिष्ट झाला. कुणी मला विचारायचं, यात सांगण्यासारखं काय आहे? मी म्हणायची, ऊन लागलंय त्यांना.

मागच्या डिसेंबरात वेंकोबराव गेले. हैदराबादच्या कंपनीने पद्माला पुन्हा विचारलं होतं, दुप्पट पगारावर.

पद्मा इथेच आहे.